दृष्टी पूर्ण गेल्यावरही डोळे मेंदूला दिवस-रात्र कळवतात का?

प्रश्न
आमच्या घरातील दोन व्यक्तींना काहीच दिसत नाही. काकांची दृष्टी रेटिनायटिस पिग्मेंटोसा या दृष्टिपटलाच्या आजारामुळे हळूहळू गेली, तर आत्यांचे दोन्ही डोळे अपघातानंतर काढावे लागले. काका रोज ठरलेल्या वेळी झोपतात. आत्यांची झोप मात्र काही दिवस नीट लागते, मग रोज थोडी पुढे सरकत अखेर भर दुपारी येते आणि काही आठवड्यांनी पुन्हा रात्रीवर येते. दोघांनाही उजेड कळत नसताना असे का व्हावे?

प्रतिसाद १
काकांना दिसत नसले, तरी त्यांच्या डोळ्यांचे एक काम बहुधा अजून चालू असावे. दृष्टिपटलात (डोळ्याच्या आतील पडद्यात) पाहण्यासाठी प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकुपेशींखेरीज, मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गुच्छिका पेशींपैकी काही मोजक्या पेशीही स्वतः प्रकाश टिपतात. त्यांच्यात मेलॅनोप्सिन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते सुमारे 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. या पेशींचे तंतू दृष्टिचेता जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियसपर्यंत पोहोचतात. जेमतेम 20,000 चेतापेशींचे हे केंद्र म्हणजेच शरीराचे मुख्य घड्याळ.

या घड्याळाचा स्वतःचा दिवस बहुतेकांमध्ये 24 तासांहून थोडा मोठा असतो, म्हणून ते रोज जुळवून घ्यावे लागते. सकाळच्या उजेडाने झोपेची वेळ लवकर येते, रात्रीच्या उजेडाने ती उशिरावर जाते. काकांच्या आजारात आधी दंडपेशी आणि नंतर शंकुपेशी नष्ट होतात, पण आतल्या थरातील या गुच्छिका पेशी पुष्कळदा टिकून राहतात. आत्यांकडे हा मार्गच उरलेला नाही. त्यांच्या घड्याळाचा दिवस साडेचोवीस तासांचा आहे असे धरले, तर झोप रोज अर्धा तास उशिरा येईल आणि पूर्ण फेरा 48 दिवसांनी संपेल.

प्रतिसाद २
वरील स्पष्टीकरणाला प्रयोगांचा भक्कम आधार आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण डोळा केवळ पाहण्यासाठी असतो ही समजूत त्याने मोडीत काढली. 1995 मध्ये चार्ल्स झाइसलर आणि सहकाऱ्यांनी 11 अंध व्यक्तींवर तीव्र प्रकाश टाकला, तेव्हा 3 जणांच्या रक्तातील मेलाटोनिन, म्हणजे रात्री वाढणारे आणि उजेडाने घटणारे झोपेचे संप्रेरक, कमी झाले. त्यांतील ज्यांचे डोळे झाकून पाहिले, त्यांच्यात हा परिणाम दिसला नाही. 1999 मध्ये रसेल फॉस्टर यांच्या गटाने दंडपेशी आणि शंकुपेशी नसलेल्या उंदरांचेही घड्याळ प्रकाशाने जुळते, हे दाखवले. 2002 मध्ये डेव्हिड बर्सन यांनी अशा गुच्छिका पेशी इतर पेशींपासून तोडूनही प्रकाशाला प्रतिसाद देतात, हे सिद्ध केले. मात्र धडधाकट डोळ्यात दंडपेशी आणि शंकुपेशींचे संदेशही याच पेशींमार्फत घड्याळापर्यंत जातात, हे विसरू नये.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. काकांना दिसतच नाही म्हणून त्यांच्या खोलीचे पडदे दिवसभर ओढलेले असतात आणि ते सतत काळा चष्मा लावतात. हे योग्य आहे का?

प्रतिसाद ३
डॉक्टरांनी उजेड टाळायला सांगितला नसेल, तर सकाळी पडदे उघडावेत आणि काकांना चष्म्याशिवाय थोडा वेळ अंगणात किंवा गच्चीवर बसू द्यावे. सूर्याकडे थेट तोंड करण्याची गरज नाही. काचबिंदूने अंधत्व आले असते, तर गुच्छिका पेशींचीच हानी झालेली असल्याने इतक्या खात्रीने सांगता आले नसते.

आत्यांना उजेडाचा उपयोग होणार नाही, पण मेलाटोनिनचा होऊ शकतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 7 पूर्ण अंध व्यक्तींपैकी 6 जणांचे सरकणारे घड्याळ मेलाटोनिनने 24 तासांवर आले. गोळी मात्र रोज ठरलेल्या वेळीच घ्यावी लागते आणि वेळ चुकीची निवडली, तर घड्याळ नको त्या दिशेलाही सरकू शकते. म्हणून आधी काही आठवडे त्यांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहून ठेवाव्यात आणि ती नोंद घेऊनच निद्रारोगतज्ज्ञांना भेटावे.