स्वित्झर्लंड: फ्लॅट घ्याच, पण झोपड्याही बघा
स्वित्झर्लंडला राहायचं कुठे, म्हटलं की हॉटेल की भाड्याचा फ्लॅट एवढ्यावरच चर्चा होते. चार-पाच जण असाल तर फ्लॅटच बरा, वरणभात तरी होतो. फक्त शेवटच्या सफाईचे पैसे आणि पर्यटक कर वेगळे लागतात का, ते बुकिंगआधी बघा. सीझनमध्ये बरेच मालक शनिवार ते शनिवारच देतात.

टिचिनो या दक्षिणेकडच्या कँटनमध्ये (कँटन म्हणजे तिथलं राज्य) हॉटेल, यूथ हॉस्टेल किंवा कॅम्पिंगला राहिलात तर टिचिनो तिकीट मिळतं. त्यावर त्या कँटनमधल्या बस-ट्रेन फुकट. भाड्यांची तुलना करताना हे धरायलाच हवं.

चालायची आवड असेल तर स्विस अल्पाइन क्लब या गिर्यारोहकांच्या संस्थेच्या डोंगरातल्या झोपड्या, म्हणजे मुक्कामाची साधी घरं, बघा. क्लब १८६३ चा, झोपड्या दीडशेच्या आसपास. बूट दाराशी काढायचे, आतल्या चपला घालायच्या, मोठ्या खोलीत ओळीने गाद्या. आपल्याला नवं काय त्यात! स्लीपिंग बॅगचं पातळ अस्तर मात्र स्वतःचं न्यायचं. जेवण ठरल्या वेळी, सगळ्यांना एकच. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. अंघोळ बहुतेक ठिकाणी विसरा. लहान मुलं बरोबर असतील तर वाट सोपी असलेलीच निवडा, काही झोपड्यांकडे हिमनदी ओलांडून जावं लागतं.