बोर्ड मीटिंग असेल तर नुसतं इन्व्हाइट पुरत नाही

तीन दिवस आधी कॅलेंडर इन्व्हाइट टाकलं की काम झालं, हे विभागाच्या आढावा बैठकीपुरतं ठीक. बोर्ड मीटिंगला, म्हणजे कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठकीला, नाही. कंपनी कायदा 2013, कलम 173 नुसार प्रत्येक संचालकाला लेखी नोटीस किमान 7 दिवस आधी जायला हवी, तीही कंपनीकडे नोंदलेल्या पत्त्यावर. ईमेल चालतो, पण स्पीड पोस्टने पाठवणार असाल तर आणखी 2 दिवस धरा. घोळ नेमका इथेच होतो. नोटिशीत व्हिडिओने हजर राहण्याची सोय नमूद करा, आणि कोण ऑनलाइन येणार ते आधीच लेखी मागून घ्या. तातडीचं काम असेल तर कमी मुदत चालते, मात्र स्वतंत्र संचालक (कंपनीशी हितसंबंध नसलेले संचालक) असतील तर त्यांपैकी किमान एक जण हजर लागतो.

ईमेल पाठवल्याचा पुरावा पीडीएफ करून त्या मीटिंगच्या फोल्डरमध्येच ठेवा, कारण नोटीस देण्याची जबाबदारी ज्याची, त्याला चूक झाल्यास 25,000 रुपये दंड आहे. मिनिट्सचा (बैठकीच्या इतिवृत्ताचा) मसुदा मीटिंग संपल्यापासून 15 दिवसांत सगळ्या संचालकांकडे जायला हवा. ती तारीख नोटीस काढतानाच कॅलेंडरवर टाका.