मदत हवी आहे: पॅकहाउसच्या टीमसाठी जोखमींचा कृती आराखडा

नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतजवळच्या निर्यात द्राक्षांच्या पॅकहाउसमधली टीम मी सांभाळते. हंगामाआधी जोखमींची नोंदवही करतेय. शक्यता आणि परिणाम, दोन्हींना 1 ते 5 गुण देऊन गुणाकार, इथवर जमलं. पण अवकाळी पावसाला 20 आले आणि प्री-कूलिंग (साठवणीआधी द्राक्षं झटपट थंड करणं) चालू असताना वीज जाण्यालाही 20! पाऊस आपल्या हातात नाही, जनरेटरचं डिझेल रोज सकाळी बघणं मात्र नक्कीच आहे. मग आराखड्यात आधी काय घ्यायचं?

दुसरं, मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. तडकलेला मणी, सुकलेला देठ सगळ्यात आधी पॅकिंगच्या ताईंना दिसतो, पण सुपरवायझरसमोर त्या बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं नोंदवहीत कसं आणायचं? आणि प्रत्येक जोखमीला एकच जबाबदार माणूस नेमावा की पाळीनुसार? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर तक्ता दाखवाल का?