मिग-२१ चं मॉडेल : सगळ्या पॅनेल लाइन काळ्या करायच्याच का?

बारीककाम

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला आणि तेव्हापासून आपल्या बऱ्याच जणांच्या टेबलावर मिगच दिसतोय. याचा मनापासून आनंद आहे. बासष्ट वर्षं हवाई दलात राहिलेलं विमान आहे, ते प्रत्येकाने एकदा तरी बनवावं.

पण मॉडेल्सचे फोटो एकामागून एक पाहिले की एक गोष्ट खटकते. किट बहुतेक १/४८ चं (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं), रंग चांगला बसलेला, डीकॅल (चिकटवायच्या खुणा) सरळ, आणि अंगावरची झाडून सगळी खाच (पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडांची रेष) काळ्या वॉशने, म्हणजे खाचेत सोडून वरून पुसायच्या पातळ रंगाने, भरलेली. जोड, झाकण, रिव्हेटची रांग, सगळं एकाच जाडीत, एकाच काळ्या रंगात. असं खरं विमान मी एकाही फोटोत पाहिलेलं नाही.

साधा हिशोब करा. किटवरची खाच ०.२ मिलिमीटर धरली तर ४८ ने गुणल्यावर ती जवळजवळ १ सेंटिमीटर होते. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानाच्या पत्र्यात बोट अडकेल अशी फट असते का?

माझं म्हणणं एवढंच की सगळ्या रेषा सारख्या नसतात. फ्लॅप आणि एलेरॉन या पंखाच्या मागच्या हलत्या भागांच्या कडेला खरी फट आहे, तिथे गडद रंग हवाच. इंजिन काढायचं तर मिगचा मागचा भाग अख्खा सुटा करतात, तो जोडही ठळक हवा. रोज उघडमीट होणाऱ्या झाकणांच्या कडांना तेलकट मळ बसतो, तिथे तपकिरी छटा द्या. बाकी जे पत्रे एकदा रिव्हेट झाले ते झाले, त्यांच्या जोडावर पत्र्याच्याच रंगाहून एक छटा गडद पुरे. मॉडेल फोटोवरून बनवा, दुसऱ्याच्या मॉडेलवरून नको.

स्प्रूवाला

हिशोब बरोबर, निष्कर्ष पटला नाही.

विमान धावपट्टीवर उन्हात उभं असतं. पंखाची सावली अंगावर पडते, जोडाची बारीक कडसुद्धा तिरक्या उन्हात उठून दिसते. तुमचं मॉडेल काचेच्या कपाटात ट्यूबलाइटखाली आहे. पंधरा सेंटिमीटर पंखविस्ताराच्या वस्तूवर सावल्या पडतच नाहीत म्हटलं तरी चालेल. मग त्या रंगवाव्या लागतात. रंगभूमीवरच्या नटाचा मेकअप जवळून भडक वाटतो, पण तो दहाव्या रांगेसाठी असतो. इथेही तेच.

तुम्ही सांगता तशी छटा देऊन बनवलेली मॉडेल्स पाहिली आहेत. दोन हातांवरून ती रंग दिलेल्या खेळण्यासारखी सपाट दिसतात. अचूक असतील, जिवंत वाटत नाहीत.

बारीककाम

@स्प्रूवाला, अंतराचा मुद्दा काढलात हे बरं झालं. १/४८ चं मॉडेल ३० सेंटिमीटरवरून पाहणं म्हणजे खरं विमान साधारण साडेचौदा मीटरवरून पाहणं. तेवढ्या अंतरावर निरोगी डोळ्याला शेजारशेजारच्या दोन खुणा वेगळ्या दिसायला त्यांच्यात चारेक मिलिमीटर अंतर लागतं. घट्ट बसलेल्या पत्र्याचा जोड त्याच्या कितीतरी आतला. म्हणजे जे दिसूच नये ते आपण काळ्या रंगाने दाखवतोय.

स्प्रूवाला

हा नियम दोन खुणा वेगळ्या ओळखण्याचा आहे, एक रेष दिसण्याचा नाही. आकाशाच्या पार्श्वभूमीवर विजेची तार शंभर मीटरवरून दिसतेच की! लांब, सलग आणि विरोधी रंगाची रेष फार बारीक असली तरी डोळा पकडतो. चकचकीत ॲल्युमिनियमवरचा मळका जोड म्हणजे अशीच रेष. तेव्हा हे गणित तुमच्या बाजूचं नाही.

अवनी७२

मी नवी आहे, १/७२ मध्ये बनवते. दोघांचंही वाचून खूप शिकायला मिळतंय, पण एक सांगायचंय.

किट आयात होऊन येतं, त्यावर शुल्क, मग रंग, मग एअरब्रश. एवढा खर्च करून पहिलं विमान पूर्ण होतं तेव्हा त्याखाली पहिली प्रतिक्रिया ‘रेषा जाड आहेत’ अशी आली की पुढचं किट उघडावंसं वाटत नाही. वॉश ही नवशिक्याला जमणारी पहिली गोष्ट आहे. रंग सोडायचा, पुसायचा, आणि एकदम विमानाला आकार येतो. तो आनंद काढून घेऊ नका. प्रत्येक पॅनेलची वेगळी छटा ठरवायला मला किती फोटो शोधावे लागतील याचा विचार करा. त्यात १९७१ चे बरेचसे कृष्णधवल!

ओझरकाका

माझी नोकरी ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये झाली. हा नाशिक विभाग १९६४ मध्ये मिगसाठीच उभा राहिला. आधी एफएल, मग एम, मग बिस, असे मिग-२१ चे प्रकार तिथे तयार झाले. मॉडेल मी बनवत नाही, नातू बनवतो, त्याच्यामुळे हे वाचतो. पत्र्याबद्दल मात्र बोलू शकतो.

उघड्या धातूचं विमान कधीच एका रंगाचं नसतं. शेजारशेजारचे दोन पत्रे एकाच उन्हात एक पांढरट आणि एक निळसर दिसतात. धातू वेगळा, पत्रा कोणत्या दिशेने लाटलाय ते वेगळं. नोझलजवळचा भाग उष्णतेने मंद, किंचित पिवळट-तपकिरी पडतो. दुरून पाहणाऱ्याला जोड कळतो तो बहुतेक वेळा या रंगबदलामुळे, मधल्या रेषेमुळे नाही. पोटाखाली मात्र खरा मळ असतो. हायड्रॉलिक तेलाचे ओघळ मागच्या दिशेला ओढलेले दिसतात. नातवाचं विमान पाठीवर मळलेलं आणि पोटाला स्वच्छ आहे. मी त्याला म्हटलं, बाळा, उलट कर.

बारीककाम

काका, तुम्ही माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलात. चांदीच्या विमानावर काम रेषेत नाही, पत्र्यात आहे. मास्किंग टेप लावून दोन-तीन पत्रे वेगळ्या छटेत मारले की वॉशची गरजच उरत नाही. सध्या टेबलावर असलेल्या एफएलच्या कण्याला मी ॲल्युमिनियमची थोडी गडद छटा दिली आहे आणि शेपटीच्या शेवटच्या दोन बोटांत पातळ तपकिरी फिरवला आहे. एकही काळी रेष नाही, तरी जोड दिसतात.

अवनीताई, तुमच्या पहिल्या विमानाला कोणी नावं ठेवू नयेत, हे शंभर टक्के मान्य. पण वॉश सोडा असं मी म्हणत नाही. काळ्याऐवजी राखाडी घ्या. कष्ट तेवढेच, पैसे तेवढेच, आणि १/७२ मध्ये तर ०.२ ची खाच जवळजवळ दीड सेंटिमीटर होते.

कोकणची_हवा

बोलायला सोपं आहे हो! धातूच्या रंगाखाली चकचकीत काळा बेस लागतो, तो आरशासारखा गुळगुळीत हवा. इथे जून ते सप्टेंबर लॅकर मारलं की पांढुरकं पडतं. सॉल्व्हेंट झरकन उडतं, पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं. चार महिने एअरब्रश बाजूला ठेवायचा का? वर क्लिअर कोट मारला तर धातूची चमक जाते. म्हणून मी चांदीचं विमान करतच नाही, १९७१ चं छलावरण (शत्रूपासून लपवणारं रंगकाम) करतो.

आणि तिथे दोघांचेही नियम लागू पडत नाहीत. युद्धाच्या तोंडावर चांदीच्या मिगवर युनिटनेच घाईघाईत हाताने रंग चढवला, एकाचं नक्षीकाम दुसऱ्यासारखं नाही. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेट्स टाकायला गेलेली विमानं याच काळातली. असा रंग एअरब्रशने मऊ कडा देऊन मारला की तो कारखान्यातला वाटतो. मी ब्रशच वापरतो, आणि एका कोपऱ्यात खालची चांदी थोडी डोकावू देतो.

स्प्रूवाला

@कोकणची_हवा, ब्रशचं काम लाखमोलाचं, फोटो टाका!

बाकी काकांशी वाद घालायची माझी पात्रता नाही. उघड्या धातूपुरतं छटांचं मानतो. पण शेवटी शेवटी दिसलेल्या करड्या बायसनचं (मिग-२१ चा सुधारित प्रकार) काय? त्यावर अंगभर एकच मॅट रंग, पत्र्यांचा फरक झाकलेला. तिथे जोड दाखवायला रेषेशिवाय काय आहे? माझ्या बायसनवर मी गडद राखाडी वॉश सगळीकडे दिलाय आणि तसाच ठेवणार आहे. जाणत्या माणसांनी पाहून ‘हा मिग उडालेला वाटतो’ म्हटलं, मला त्याहून जास्त काही नको.

बारीककाम

बायसनवरही झाकणांभोवतीचा रंग दुरुस्तीत पुन्हा पुन्हा मारलेला असतो, त्यामुळे ठिपक्यांसारखे ताजे-जुने भाग दिसतात. ते रंगवा ना! सगळीकडे सारखा वॉश म्हणजे विमानाचा कोणता भाग वापरात होता आणि कोणता नव्हता, हे सांगायचं टाळणं. यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय.

आणि संदर्भासाठी फोटो घेणाऱ्यांनी एक काळजी घ्या. चौकात किंवा फाटकाशी उभी केलेली विमानं नंतर पुन्हा रंगवलेली असतात. आकार, झाकणांची जागा, चाकांची रचना तिथून खुशाल घ्या. रंग आणि मळ सेवेत असतानाच्या फोटोवरूनच घ्या.

ओझरकाका

रेषांवर इतकं बोललात, आता एक मोठी गोष्ट सांगतो. या धाग्यात आलेल्या फोटोंत दोन एफएल असे आहेत ज्यांची कॅनपी (वैमानिकावरचं काचेचं झाकण) उजवीकडे उघडलेली आहे. एफएलची कॅनपी पुढच्या काचेसकट अख्खी पुढे उघडते. बाजूला उघडणारी पुढच्या प्रकारांत आली, तिच्याबरोबर सीटही बदलली. एफएलच्या पोटात तोफही नव्हती, बाहेरून जीपी-९ हा तोफेचा पॉड लावायचे. १२ डिसेंबर १९७१ ला जामनगरच्या मिगने कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं एफ-१०४ लढाऊ विमान पाडलं ते तोफेनेच. ज्यांनी १९७१ चं विमान म्हणून मांडलंय त्यांनी पोटाखाली पॉड आहे का बघावं, आणि कॅनपी अजून चिकटवली नसेल तर आजच फिरवून घ्यावी.

अवनी७२

काका, त्यातला एक माझाच. कॅनपी अजून सुटी आहे. पुढे उघडताना तिला आधार कशाचा असतो, पिस्टनचा की दांड्याचा? जवळचा फोटो असेल तर टाका ना.