कवटीत बसवायची टायटॅनियम प्लेट: चकचकीत बरी की मॅट?

वेर्णा_टूलरूम: मंडळी, माझा मावसभाऊ म्हापशाजवळ स्कूटरवरून पडला, मेंदूला सूज म्हणून कवटीचं हाड काढलं, ते परत बसवण्यासारखं राहिलं नाही आणि आता टायटॅनियमची प्लेट म्हणतायत. मी रोज स्टेनलेसमध्ये काम करतो पण टायटॅनियम कधी हाताळलं नाही. नेटवर निळ्या, सोनेरी, आरशासारख्या, राखाडी, सगळ्या प्लेटी दिसतात. तो रंग अंगात उतरत नाही ना? मावशी रोज विचारते, तिला काय सांगू?

फोंडा_लॅब: रंग लावलेला नसतोच रे. टायटॅनियमला हवा लागली की आपोआप ऑक्साइडचा थर येतो, काही नॅनोमीटरचाच, आणि त्याच्यामुळेच शरीर ते सहन करतं. ॲनोडायझिंग म्हणजे करंट देऊन तोच थर जाड करायचा, जाडीप्रमाणे प्रकाश वेगळा परततो म्हणून ३० व्होल्टच्या आसपास निळा दिसतो. रंगद्रव्य नाही, काही नाही, मावशीला बिनधास्त सांग.

खरं बघायचं ते सफाईचं. ०.६ एमएमच्या आसपासचा शुद्ध टायटॅनियमचा पत्रा डायवर, म्हणजे साच्यावर, दाबून आकार देतात तेव्हा टूलचं लोखंड पृष्ठभागात रुततं, तुला टूलरूममध्ये हे माहीतच असणार, म्हणून स्टीलवर वापरलेली कानस किंवा ब्लास्टिंगची वाळू इथे चालतच नाही. नंतर नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात वरचा थर खाऊन काढतात, भरपूर पाण्याने धुतात, मग पॅसिव्हेशन, म्हणजे तो ऑक्साइडचा थर पुन्हा नीट पक्का करणं. हवेत लालभडक तापवलं तर ऑक्सिजन आत शिरून ठिसूळ कवच तयार होतं, तेही काढावं लागतं. एएसटीएम एफ ८६ हे याच कामाचं स्टँडर्ड, प्लेट कुठूनही येवो, ते पाळलंय का विचार.

वेर्णा_टूलरूम: आणि खडबडीत केली तर हाड जास्त धरत नाही का? दातांच्या इम्प्लांटना करतात ना?

फोंडा_लॅब: दाताच्या स्क्रूवर चावण्याचा जोर येतो, हाडाने तो घट्ट धरायलाच हवा. कवटीची प्लेट कडेच्या बारीक स्क्रूंवर बसते, तिथे वरची बाजू गुळगुळीत हवी कारण वर फक्त डोक्याची कातडी. थ्रीडी प्रिंट असेल तर अर्धवट वितळलेले पावडरचे कण चिकटून राहतात, ते पूर्ण निघाले पाहिजेत.

डिचोलीकर: माझ्या बाबांना बसवलीय. कडा हाडावर सपाट बसणं फार महत्त्वाचं हां, उंच राहिली की आतून कातडी घासते, आमच्या डॉक्टरांनी बोट फिरवून दाखवलं होतं, पातळ होत गेलेली कड आणि भोकांच्या सगळ्या धारा मोडून बोथट केलेल्या. एमआरआयला चालते, फक्त आधी सांगायचं, त्या जागी इमेज थोडी बिघडते.

वेर्णा_टूलरूम: देव बरें करूं. उद्या सीटीची सीडी घेऊन जातोय.

फोंडा_लॅब: सीटीवरूनच कवटीचं मॉडेल बनतं, म्हणून त्यातल्या स्लाइस, म्हणजे एकेक काप, १ एमएम किंवा त्याहून पातळ आहेत का बघ. ५ एमएमचे असतील तर मॉडेल पायऱ्या-पायऱ्यांचं येतं आणि कड बसत नाही, पुन्हा सीटी काढायला लागेल का ते डॉक्टरांनाच विचार.