प्रतिसाद: अर्ज कुठे करावा आणि पत्र कसे लिहावे

वर खानापूरच्या सदस्यांनी विचारले आहे की, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातील त्यांच्या मुलीने अमेरिकेच्या आरईयू या, पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव देणाऱ्या योजनेसाठी अर्ज करावा का. करू नये, कारण राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पैशावर चालणारी ती योजना तेथील नागरिक व कायम रहिवासी यांच्यापुरतीच मर्यादित आहे. त्यापेक्षा कॅनडातील मायटॅक्स या संस्थेची 12 आठवड्यांची ग्लोबलिंक ही संशोधन इंटर्नशिप पाहावी. तिचे अर्ज आदल्या वर्षीच गणपतीच्या दिवसांच्या आसपास बंद होतात, आणि आपल्याकडे नेमके तेव्हा कोणाचेच लक्ष जागेवर नसते. जपानमधील ओकिनावाची विज्ञान-तंत्रज्ञान संस्थाही पदवीच्या विद्यार्थ्यांना निवास व भत्ता देऊन बोलावते.

अशा संधीसाठी तेथील प्राध्यापकांना थेट पत्र लिहायचे असल्यास त्यांचा एक तरी शोधनिबंध वाचलेला असावा. माझ्या भाच्याने ‘आदरणीय महोदय’ असा एकच मजकूर चाळीस जणांना पाठवला, त्यांपैकी एका पत्रात आधीच्या प्राध्यापकांचे नाव तसेच राहून गेले, आणि उत्तर एकाचेही आले नाही. पुढे त्याने एका निबंधातील आलेखाबद्दल चार ओळींत नेमकी शंका विचारली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी उत्तर आले.

आणखी एक, खास आपल्या भागातली अडचण: कर्नाटकातील दहावीच्या गुणपत्रिकेवर पुष्कळदा नावापुढे केवळ आद्याक्षरे असतात, तर पासपोर्टवर वडिलांचे नाव व आडनाव पूर्ण असते. हा फरक व्हिसाच्या वेळी नव्हे, आताच मिटवून घ्यावा.