जर्मन नामांचे अनेकवचन करताना नेमका कोणता नियम धरावा?

प्रश्न

नमस्कार. मी सांगलीत परिचारिका आहे आणि जर्मनीत नोकरीसाठी जाण्याच्या तयारीत गेल्या तीन महिन्यांपासून जर्मनच्या ए-१ या पहिल्या पातळीचा अभ्यास करत आहे. लिंग आणि त्यानुसार नामापुढे येणारे 'डेर', 'डी', 'डास' हे आर्टिकल कसेबसे लक्षात राहू लागले आहेत, पण अनेकवचनापाशी माझी गाडी अडली आहे. शरीराच्या अवयवांचे एक चित्र समोर ठेवून मी शब्द पाठ करायला बसले, तेव्हा एकाच चित्रात इतके प्रकार निघाले: आर्म–आर्मे, हांट–हेंडे, ओअर–ओरन, मुंट–म्यूंडर, नागल–नेगल आणि फिंगरचे अनेकवचन मात्र पुन्हा फिंगरच. मागच्या चाचणीत मी अंदाजाने सगळीकडे 'न' लावला आणि निम्मी उत्तरे चुकली. यामागे काही नियम आहे का, की प्रत्येक शब्द सुटा पाठ करावा लागतो? शिवाय पुस्तकातील शब्दसूचीत नामापुढे एक आडवी रेघ, कधी तिच्यावर दोन टिंबे आणि पुढे एखादे अक्षर असते. ते कसे वाचायचे, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

पहिले उत्तर (जर्मन शिकवणारे)

ताई, आधी त्या खुणेविषयी सांगतो, कारण ती वाचता आली की अर्धे काम सोपे होते. आडवी रेघ म्हणजे मूळ शब्द आणि तिच्या पुढचे अक्षर म्हणजे त्याला लागणारा प्रत्यय. रेघेवर दोन टिंबे असतील, तर शब्दाच्या पोटातला 'आ', 'ओ', 'ऊ' किंवा 'आउ' हा स्वर बदलतो. 'डास हाउस' या नामापुढे टिंबांची रेघ आणि 'एर' असे दिसले, तर अनेकवचन 'डी हॉयझर' असे होते. नुसतीच रेघ असेल, तर शब्द आहे तसाच राहतो. बदललेला स्वर देवनागरीत नीट उतरत नाही. 'म्यूंडर' किंवा 'फ्यूसे' म्हणताना ओठ 'ऊ' म्हणण्यासारखे गोल ठेवून आतून 'ई' म्हणावे, म्हणजे खरा उच्चार हाती लागतो.

आता नियमाविषयी. प्रत्यय मोजकेच आहेत: 'ए', 'एर', 'न' किंवा 'एन', 'स', आणि काही वेळा काहीच नाही. 'एर' लागल्यावर बदलण्याजोगा स्वर नेहमी बदलतो, 'ए' लागल्यावर किंवा प्रत्यय नसताना कधी बदलतो, कधी नाही, आणि 'न' किंवा 'स' लागल्यास बदलत नाही. यांपैकी कोणता प्रत्यय लागेल, हे काही गटांत अगदी खात्रीने सांगता येते, आणि ते गट आधी पक्के करावेत. 'उंग', 'हाइट', 'काइट', 'शाफ्ट', 'टेट' आणि 'सिओन' यांनी संपणारी स्त्रीलिंगी नामे नेहमी 'एन' घेतात. 'ए'ने संपणारी स्त्रीलिंगी नामे 'न' घेतात, म्हणून टाब्लेटे–टाब्लेटन आणि श्प्रित्से–श्प्रित्सन. 'इन' लावून केलेली स्त्रीवाचक नामे 'इनन' होतात: एर्त्स्टिन–एर्त्स्टिनन. 'शेन' आणि 'लाइन' लावून लहानपणा दाखवणारी नामे बदलतच नाहीत.

बाकीच्या ठिकाणी नियम नसून कल असतो. 'एर', 'एल', 'एन' यांनी संपणारी पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामे सहसा प्रत्यय घेत नाहीत. तुमचे फिंगर याच गटातले आहे आणि नागल–नेगल यातही फक्त पोटातला स्वर बदलला आहे. एरवी पुल्लिंगी नाम बहुधा 'ए' घेते. एकाच उच्चारखंडाची नपुंसकलिंगी नामे पुष्कळदा 'एर' घेतात (किंट–किंडर, बूख–ब्यूशर), पण पाय म्हणजे 'बाइन' मात्र 'बाइने' होते. स्त्रीलिंगी नाम 'एर' कधीच घेत नाही, एवढी खूणगाठ बांधून ठेवा. प्रत्यय न लावता केवळ स्वर बदलणारी स्त्रीलिंगी नामे साऱ्या भाषेत दोनच आहेत, आई आणि मुलगी: मुटर–म्यूटर आणि टोख्टर–ट्योश्टर. त्यांच्या शेवटाकडे पाहून श्वेस्टरचेही तसेच होईल असे वाटते, पण बहिणीचे आणि परिचारिकेचे अनेकवचन 'श्वेस्टर्न' असे होते.

हे सारे विचित्र वाटत असेल, तर आपल्याच शरीराचे चित्र मराठीत पाहा. डोळा–डोळे, कान–कान, बोट–बोटे, जीभ–जिभा, पापणी–पापण्या. अकारान्त स्त्रीलिंगी नाम पुढे 'आ' घेईल की 'ई', हे तर शब्द पाहून सांगताच येत नाही: विटा होतात, पण भिंती होतात. त्यातच बहिणी, फुले आणि जिभा यांत शब्दाच्या पोटातला स्वर ऱ्हस्व होतो. हे आपण तक्ता पाठ करून शिकलो नाही. प्रत्येक शब्द दोन्ही रूपांत कानावर पडत गेला आणि बसला. म्हणून माझा आग्रह असा की, 'हांट' हा शब्द वहीत एकटा लिहूच नये. 'डी हांट, डी हेंडे' अशी जोडी लिहावी आणि तीच मोठ्याने म्हणावी. अनेकवचनात तिन्ही लिंगांचे आर्टिकल 'डी' असते, त्यामुळे त्यासाठी वेगळे काही लक्षात ठेवावे लागत नाही.

दुसरे उत्तर (जर्मनीत काम करणारी परिचारिका)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, आणि वॉर्डात काम करताना जे लक्षात आले ते सांगते. एकवचनाच्या शेवटी असलेला 'ड' जर्मनमध्ये 'ट' असा ऐकू येतो आणि अनेकवचनात तो पुन्हा 'ड' होतो. 'किंट' आणि 'किंडर' किंवा 'हांट' आणि 'हेंडे' यांतला फरक यामुळेच पडतो. शुद्धलेखनात दोन्हीकडे 'ड'च असतो, हे ध्यानात असले की श्रुतलेखनातल्या पुष्कळ चुका टळतात.

रुग्णालयातली काही नेहमीची नामे मुद्दाम वेगळी काढून ठेवा. बेट, आउगे आणि ओअर म्हणजे खाट, डोळा आणि कान ही नपुंसकलिंगी असूनही 'न' किंवा 'एन' घेतात: बेटन, आउगन, ओरन. जोडशब्दाचे लिंग आणि अनेकवचन दोन्ही शेवटच्या पदावरून ठरतात. 'श्टूल'चे 'श्ट्यूले' येत असेल, तर चाकाच्या खुर्चीचे 'रोलश्ट्यूले' आणि 'हाउस'वरून रुग्णालयाचे 'क्रांकनहॉयझर' आपोआप येते. आपल्या व्यवसायाचे नावही याच पद्धतीने चालते. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने तिथे 'प्फ्लेगेफाखफ्राउ' हे पदनाम आणले आणि त्याचे अनेकवचन 'फ्राउ'प्रमाणे 'प्फ्लेगेफाखफ्राउएन' होते.

'पात्सिएंट' या शब्दाने मात्र मला खरोखर अडचणीत आणले होते. पहिल्याच आठवड्यात सकाळच्या पाळीत मला सांगण्यात आले, 'ब्रिंगन झी बिटे डेन पात्सिएंटन त्सुम र्योंटगन', म्हणजे रुग्णाला एक्स-रेसाठी न्या. मी 'पात्सिएंटन' ऐकले आणि अनेक रुग्ण न्यायचे आहेत असे समजून दोन चाकाच्या खुर्च्या घेऊन उभी राहिले. प्रत्यक्षात एकाच रुग्णाला न्यायचे होते. पुल्लिंगी नामांचा एक छोटा गट असा आहे की, ज्यांना कर्ता सोडून इतर सर्व विभक्तींत एकवचनातही 'न' किंवा 'एन' लागतो. पात्सिएंट, श्टुडेंट, युंगे आणि हेर ही त्या गटातली नेहमी भेटणारी नामे आहेत. त्यामुळे या नामांपुरते 'न' दिसले की अनेकवचन, असे समजू नये. वाक्यात नाम कर्म आहे की कर्ता, हे आधी पाहावे.

मोजमापांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. ताप सांगताना '३९ ग्राड', औषध सांगताना '५०० मिलिग्राम' आणि पैसे सांगताना 'त्सेन ऑयरो' असे म्हणतात. या शब्दांना आकड्यानंतर प्रत्यय लागत नाही.

तिसरे उत्तर (मुंबईचा विद्यार्थी)

'स' प्रत्ययाविषयी थोडी भर घालतो. इंग्रजीच्या सवयीने तो सगळीकडे लावण्याचा मोह होतो, पण तो मुख्यतः आउटो, होटेल, टीम यांसारख्या बाहेरून आलेल्या किंवा स्वराने संपणाऱ्या शब्दांना लागतो. 'बेबी'चे अनेकवचन जर्मनमध्ये सरळ 'स' लावूनच लिहितात, इंग्रजीप्रमाणे शेवटचे अक्षर बदलत नाहीत. याउलट लॅटिन-ग्रीक वळणाच्या शब्दांत शेपूट गळून नवे लागते: टेमा–टेमन, फिर्मा–फिर्मन, मुझेउम–मुझेएन, प्राक्टिकुम–प्राक्टिका. 'एल्टर्न' म्हणजे आई-वडील आणि 'लॉयटे' म्हणजे लोक हे शब्द एरवी अनेकवचनातच वापरले जातात. शंका आली की डूडन या शब्दकोशाच्या संकेतस्थळावर अनेकवचन लगेच पाहता येते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. जीभ–जिभा आणि भिंत–भिंती हे उदाहरण वाचून मनावरचे दडपण उतरले. कालच्या रात्रपाळीनंतर जोड्यांची नवी वही सुरू केली आणि ही तीन वाक्ये लिहिली. ती बरोबर आहेत का, कृपया पाहावे.

इन डेन त्सिमर श्टेएन झेक्स बेटन.
डी एर्त्स्टे हेल्फन डेन किंडर.
डी पात्सिएंटिन हाट काल्टे फ्यूसे.

पहिल्या उत्तरकर्त्याचे प्रत्युत्तर

तिसरे वाक्य निर्दोष आहे. पहिल्या दोन वाक्यांतली अनेकवचने बरोबर ओळखली आहेत, पण तिथे अनेकवचनापुढे 'डेन' आल्यामुळे डाटिव्ह (मराठीतल्या चतुर्थीसारखी) विभक्ती आहे आणि त्या विभक्तीत अनेकवचनाला आणखी एक 'न' जोडावा लागतो: 'त्सिमर्न' आणि 'किंडर्न'. मराठीत 'मुले' या रूपाला प्रत्यय लागताना 'मुलांना' असा अनुस्वार येतो. तसा हा 'न' समजावा. अनेकवचन आधीच 'न' किंवा 'स'ने संपत असेल, तर तो पुन्हा लागत नाही, म्हणून 'मिट डेन फ्राउएन' आणि 'मिट डेन बेबीस' ही रूपे तशीच राहतात.

पहिल्या वाक्यात एक बारीक गोष्ट आहे. 'त्सिमर' हे नाम दोन्ही वचनांत सारखेच दिसते, त्यामुळे खोली एक आहे की अनेक, हे आर्टिकलवरून आणि त्या जोडलेल्या 'न'वरूनच कळते. 'इन डेन त्सिमर्न' म्हणजे खोल्यांमध्ये. तुम्हाला एकाच खोलीतल्या सहा खाटांविषयी लिहायचे असेल, तर 'इम त्सिमर श्टेएन झेक्स बेटन' असे लिहावे.